लिंडेबेकेच्या फुकट कोंबड्या

लिंडेबेके गावच्या नगरपालिकेचं पत्र लुडविना बुल्टिंकनं भर वर्गात फोडलं, तिथेच तिचं चुकलं. घरी नेऊन, कॉफीबरोबर एकटीनं वाचलं असतं तर रागाचा पहिला कढ निदान स्वयंपाकघरात विरला असता. पण शनिवारची सकाळ होती. मुलांच्या जुन्या शाळेच्या मागच्या खोलीत चौदा माणसं खुर्च्या ओढून बसली होती. टेबलावरच्या टोपलीत एक तांबडी कोंबडी मान वाकडी करून सगळ्यांना न्याहाळत होती. रखवालदारानं पाकीट आणून दिलं तेव्हा लुडविनाला वाटलं, खुराड्यांच्या जाळीची मंजुरी आली असणार. ती खुशाल मोठ्यानं वाचायला लागली.

"'सहभागी नागरिकांच्या प्रतिक्रिया लक्षात घेता कोंबडीपालन वर्गातून पुढील विषय वगळण्यात यावेत. कोल्हा. रोगराई. अंडी देणं थांबलेल्या कोंबडीची व्यवस्था. तसेच मृत्यूविषयीचे सर्व उल्लेख.'"

शेवटची ओळ तिनं पुन्हा एकदा वाचली. मग चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेचा होता.

"मग उरलं काय?" मागच्या रांगेतून ओडील म्हणाला. ओडील म्हणजे तिचा शेजारी, चौऱ्याहत्तर वर्षांचा विधुर. सहा वर्षांत त्यानं हा वर्ग सहा वेळा केला होता, कारण शनिवारी सकाळी त्याला दुसरं काही नसे.

"पिसं उरली," लुडविना म्हणाली. "पिसं मऊ असतात, एवढं सांगायचं आणि घरी जायचं."

दोघं-तिघं हसले. पहिल्या रांगेत बसलेली सेव्हरीन मात्र मान खाली घालून फोनमध्ये बघत राहिली, आणि लुडविनाला कळायचं ते कळलं.

गेल्या शनिवारी याच सेव्हरीननं विचारलं होतं, कोंबडी किती वर्षं अंडी देते? लुडविनानं विचारलं त्याचं उत्तर दिलं. "तीन वर्षं बरी देते. मग कमी होत जातात. जगते मात्र आठ-आठ, दहा-दहा वर्षं. तेव्हा कोंबडी आणायच्या आधी घरात बसून ठरवा, चौथ्या वर्षी म्हातारीला पोसायचं की तिचं सूप करायचं. दोन्ही चालतं. न ठरवणं चालत नाही." सेव्हरीनचा चेहरा पांढरा पडला होता. नव्या वसाहतीत राहायला आलेली बाई, स्वभावानं वाईट नव्हे. पण घरी जाऊन तिनं नगरपालिकेला पत्र लिहिलं, की शिकवणाऱ्या बाई फार कठोर आहेत.

कठोर! लुडविनानं सव्वीस वर्षं अंडी उबवण्याच्या कारखान्यात काढली होती. दिवसाला हजारो पिल्लं हातातून जायची. नर एका पट्ट्यावर, माद्या दुसऱ्या पट्ट्यावर, आणि नरांच्या पट्ट्याच्या टोकाला काय होतं ते तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल तिनं वर्गात कधी चकार शब्द काढला नव्हता. कठोर बोलायचं असतं तर तिच्याकडे खूप होतं.

आणि हा वर्ग तिनं मागून घेतला नव्हता. सहा वर्षांपूर्वी जुन्या मंडळानं योजना काढली, की घरटी तीन कोंबड्या द्यायच्या, म्हणजे खरकटं कचऱ्याच्या गाडीत न जाता कोंबडीच्या पोटात जाईल. तेव्हा नगराध्यक्ष स्वतः तिच्या दारात आले होते. म्हणाले, लुडविना, लोकांना कोंबडी कशी धरायची हेसुद्धा माहीत नाही. तिनं अट घातली: तीन शनिवार वर्ग, तिसऱ्या शनिवारी खुराड्याचा फोटो, मगच कोंबड्या. सहा वर्षं ते नीट चाललं. वर्गाचे पैसे तिनं कधी मागितले नाहीत, आणि कुणी देऊ केले नाहीत.

त्या दिवशी तिनं पत्राच्या चार घड्या घालून ते टोपलीतल्या कोंबडीखाली सारलं आणि फळ्याकडे वळली.

"आजचा विषय," ती म्हणाली, "कोल्हा."

पूर्ण सव्वा तास ती कोल्ह्यावर बोलली. जाळी जमिनीत हातभर कशी गाडायची, खुराड्याच्या दाराची कडी कोल्हा नाकानं कशी उचलतो, एका रात्रीत तो पोटापुरती एक नेतो पण मारतो सगळ्या. मृत्यूचा उल्लेख किती वेळा झाला ते ओडीलनं बोटांवर मोजलं. बोटं कमी पडली.

*

सोमवारी तिला नगरपालिकेत बोलावणं आलं. जुनं मंडळ गेल्या निवडणुकीत गेलं होतं, आणि कोंबड्यांचं खातं आता उपनगराध्यक्ष योरिस कालेवार्टकडे होतं. चाळिशीचा, हसतमुख माणूस. पूर्वी तयार स्वयंपाकघरं विकायचा. माणूस दारातून आत आला की त्याला ओट्यासमोर उभं करून "कल्पना करा" म्हणायची सवय अजून सुटलेली नव्हती.

"लुडविनाबाई, कल्पना करा," तो म्हणाला, "चौकात बँड वाजतोय, पोरं नाचतायत आणि एका दिवसात चारशे कोंबड्या! आख्ख्या प्रांतात कोणी केलेलं नाही."

त्यानं टेबलावर जाहिरात पसरली. काळा चष्मा घातलेली कोंबडी, खाली मोठ्या अक्षरांत 'कोंबड्यांचा सण'.

"चारशे?" लुडविना म्हणाली. "वर्गात तर चौदा माणसं आहेत."

"तेच सांगायचं होतं. वर्गाची अट काढली आम्ही. तीन शनिवार कुणाकडे आहेत हो आजकाल? अटीला घाबरून लोक येतच नाहीत. त्याऐवजी हे." त्यानं एक घडीपत्रक पुढे केलं. चार पानं, तीन चित्रं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'कोंबडी कुठेही आनंदात राहते!'

लुडविनानं पत्रक उलटून पालटून पाहिलं. पाणी हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

"हे लिहिलं कुणी?"

"जाहिरात संस्थेनं. छान आहे ना? हे बघा, आपला मुद्दा साधा आहे. एक कोंबडी वर्षाला पन्नास किलो ओला कचरा खाते. चारशे कोंबड्या म्हणजे वीस हजार किलो."

"मग बादल्या वाटा ना," लुडविना म्हणाली. "चारशे बादल्या. बादलीला तहान लागत नाही. बादलीला कोल्हा नेत नाही. सुट्टीत समुद्रावर गेलात तर बादली मागे उपाशी राहत नाही. आणि खरकट्यावर अंडी होत नाहीत, योरिस. दाणे लागतात, शिंपल्यांचा चुरा लागतो. हे मी पहिल्याच शनिवारी सांगते."

"तुम्ही फार गंभीर घेता सगळं."

"जनावर आहे ते!"

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं." तो पुढे झुकला. "सणाच्या दिवशी मंचावर वीस मिनिटं तुमची. हसतखेळत. कोंबडीच्या गमतीजमती. लोकांना आनंद द्या."

लुडविनाची नजर जाहिरातीच्या तळाशी गेली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'दुपारी मंडपात पापुद्र्याच्या वाटीत मलईतली कोंबडी, सोबत तळलेले बटाटे.'

"मृत्यूचा उल्लेख चालत नाही म्हणालात," ती म्हणाली.

"हो, म्हणजे... वातावरण बिघडतं."

"मग ही वाटीतली काय झोपलीय का?"

कालेवार्टचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातली जान गेली. लुडविनानं पर्स उचलली. ती तडक जिना उतरली. घरी आल्यावर तिनं खुराडं घासायला घेतलं. ते दोनच दिवसांपूर्वी घासलेलं होतं.

*

सणाला जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवलं ते पाळणारी बाई ती. पण मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी दहाला ओडील कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"तू येणार नाहीस, मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी आग्रह करत नाही. नुसतं सांगतो. गाडी नऊलाच आली. पेट्या उतरवून गाडीवाला निघून गेला. वाटप अकराला आहे, भाषण झाल्यावर."

"पेट्या कुठेयत?"

"चर्चच्या दक्षिणेला."

"उन्हात?"

लुडविना एप्रनसकट निघाली.

प्लास्टिकच्या पेट्या एकावर एक पाच-पाच रचल्या होत्या. जाळीतून शेकडो चोची बाहेर आलेल्या, सगळ्या उघड्या, जिभा कापत होत्या. बँडवाले दहा पावलांवर लिंडनच्या मोठ्या झाडाच्या सावलीत बसून लेमोनेड पीत होते. पाण्याचं एकही भांडं नव्हतं. लुडविना क्षणभर जागेवरच थबकली. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून पाणी येत नाही.

"नाईमा!" तिनं हाक मारली.

नाईमा बेन्साईद शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. लुडविनाच्या वर्गातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली, आणि गावातलं सगळ्यात पक्कं खुराडं तिचं. ती दोन पोरांना घेऊन सण बघायला आली होती. एका नजरेत तिला सगळं समजलं.

"शाळेची किल्ली आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "भाजायचे ट्रे आणते. वीस तरी असतील."

अर्धा तास त्या दोघी, ओडील आणि वर्गातली पाच-सहा माणसं पेट्या ओढत राहिली. बँडवाल्यांना उठवून झाडाची सावली कोंबड्यांना दिली. ट्रेमध्ये पाणी ओतलं. सात कोंबड्या मेल्या होत्या. त्या लुडविनानं एका पेटीत बाजूला ठेवल्या, त्यावर आपला एप्रन घातला. सेव्हरीनही तिथे होती. काही न बोलता बादल्या वाहत होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

अकरा वाजता कालेवार्ट मंचावर चढला. छायाचित्रकारासाठी त्यानं पेटीतून एक कोंबडी काढली आणि एका पंखाला धरून उंच उचलली.

कोंबडीनं जी किंकाळी फोडली ती ध्वनिक्षेपकातून चौकभर गेली. लुडविनाला नंतर आठवेना, की ती मंचावर चढली कशी. तिनं त्याच्या हातातून कोंबडी घेतली, एक हात छातीखाली, दुसरा पाठीवर, आणि कोंबडी गप्प झाली.

"सहा वर्षं," लुडविना म्हणाली, आणि समोर ध्वनिक्षेपक चालू होता, "पहिल्या शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत मी हेच शिकवते. तुम्हाला तीन शनिवार नव्हते. दहा मिनिटंसुद्धा नव्हती?"

चौकात हशा पिकला. तिला हशा नको होता. ती खाली उतरली, वाटपाच्या टेबलामागे जाऊन बसली आणि रांगेत पहिल्या आलेल्या माणसाला म्हणाली, "कुठे झोपणार ती?"

"आं?"

"कोंबडी. रात्री कुठे झोपणार?"

तो माणूस व्यायामशाळेची पिशवी घेऊन आला होता. "अजून विचार नाही केला."

"मग विचार करा आणि पुढच्या महिन्यात या. पुढे कोण?"

कुणी बुटांचा खोका आणला होता, कुणी मांजराची पेटी, एका जोडप्यानं तर सायकलची टोपली. जे सांगायचे, खुराडं तयार आहे, त्यांना ती तीन कोंबड्या मोजून द्यायची, आणि पाण्याचं भांडं कसं टांगायचं तेही सांगायची. बाकीच्यांना परत पाठवायची. वीस-बावीस माणसं अशी परत गेली. काही चिडून, काही खजील होऊन. रांग हलेनाशी झाली. बँड दोनदा तेच गाणं वाजवून थांबला.

मग कालेवार्टनं गावच्या पोलिसाला पाठवलं. तो तिच्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, कान लाल करून आला.

"लुडविनाबाई, उठायला लागेल. तुमच्याकडे अधिकार नाही म्हणतात."

"नाहीच आहे," ती म्हणाली. "ज्यांच्याकडे आहे त्यांना, कोंबडी कुठे झोपणार, ते विचारायला सांग मग."

"चला ना," तो हळूच म्हणाला. "माझी आई पण बघतेय तिकडून."

ती उठली. तिच्या पाठीमागे वाटप धडाक्यात सुरू झालं, आणि दुपारी दोनपर्यंत चौकात एकही कोंबडी उरली नाही. मंडपातली सगळी मलईतली कोंबडीही संपली. दुसऱ्या दिवशी प्रांताच्या वर्तमानपत्रात फोटो आला. तिनं कोंबडी हिसकावून घेताना. खाली लिहिलं होतं, 'रागीट आजीचा सणात गोंधळ.'

"आजी!" लुडविना ओडीलवर उखडली. "मला मूल नाही, बाळ नाही, आजी कुठून झाले मी?"

"रागीट तरी बरोबर लिहिलंय," ओडील म्हणाला, आणि दोन दिवस तिनं त्याला कॉफी दिली नाही.

*

तीन आठवड्यांनी, जूनमधल्या एका मंगळवारी, नाईमाचा फोन आला. ती कालव्याच्या काठानं सायकलवरून कामाला निघाली होती.

"पॉप्लरच्या झाडीत कोंबड्या आहेत," ती म्हणाली. "आपल्याच. पायात नगरपालिकेचं हिरवं कडं आहे. आणि जमिनीवर पिसं, लुडविनाबाई. खूप पिसं."

लुडविना आणि ओडील त्याची गाडी घेऊन गेले. दिवसा त्या हाती लागेनात, झुडपांतून नुसत्या पळत सुटल्या. म्हणून बुधवारी पहाटे, कोंबड्या फांद्यांवरून उतरायच्या आत, तिघं पुन्हा गेले. पेंगुळलेल्या कोंबड्या फळं काढावीत तशा एकेक खाली काढल्या. अकरा जिवंत सापडल्या. एक खाली मरून पडली होती, उबदारच होती अजून. पिसांचे ढीग नाईमानं मोजायला घेतले आणि नऊवर सोडून दिले.

"कसली माणसं ही," ती म्हणाली. "माझ्या आजोळी कोंबडी चोरणारे होते. टाकून देणारा मी कधी पाहिला नव्हता."

"घरी नेतेस ना?" ओडीलनं गाडीचं दार लावत लुडविनाला विचारलं.

घरी न्यायचं, खाऊपिऊ घालायचं, बऱ्या करायच्या. सगळ्या गावाला हेच अपेक्षित होतं. कालेवार्टलाही. गावात एक वेडी बाई आहे, ती निस्तरेल.

"नाही," ती म्हणाली. "नगरपालिकेत चल. सापडलेली चीज तिथेच जमा करायची असते."

नऊ वाजता दार उघडलं तेव्हा त्या तिघांनी चार पेट्या आत नेल्या आणि थेट 'हरवले-सापडले' लिहिलेल्या खिडकीसमोर ठेवल्या. पारपत्रासाठी, पत्ता बदलण्यासाठी दहा-बारा माणसं बाकांवर बसली होती. खिडकीत मार्लीस होती. पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली बाई. तिनं चष्म्यावरून पेट्यांकडे पाहिलं.

"या काय आहेत?"

"सापडलेल्या वस्तू," लुडविना म्हणाली. "अकरा. कालव्याकाठी."

मार्लीसनं खण उघडून अर्जांचा गठ्ठा काढला. "वस्तू नव्हे. भटकं जनावर. त्याचा अर्ज वेगळा. प्रत्येकाचा स्वतंत्र भरावा लागेल."

"वेळ आहे मला."

"वर्णन?"

"तांबडी. शेपटीला पांढरं. पायात तुमचं कडं, क्रमांक दोनशे बारा."

"स्थिती?"

"उपाशी. उजव्या बाजूची पिसं ओरबाडलेली."

तिसरा अर्ज होईपर्यंत बाकांवरचे लोक उठून भोवती जमले. एक कोंबडी पेटीतून निसटली आणि पारपत्राच्या रांगेखालून चालत गेली. चौथ्या अर्जाला वरच्या मजल्यावरून कालेवार्ट खाली आला.

"हे काय चाललंय?" त्याचं हसू आज आलंच नाही. "बाई, हे कार्यालय आहे!"

"म्हणूनच आणल्या. कडं तुमचं आहे, जनावर तुमचं आहे. तुम्हीच वाटलेलं." मग ती मार्लीसकडे वळली. "पाचवी लिहा. ही मेलेली आहे, डब्यात आहे. तिचा उल्लेख चालेल का, ते साहेबांना विचारा."

मार्लीसनं पेन थांबवून खरंच वर पाहिलं. कालेवार्टच्या मानेवर तांबडे चट्टे उमटले.

"लोकांनी बेजबाबदारपणे टाकल्या तर नगरपालिका काय करणार?" तो मोठ्यानं म्हणाला, जमलेल्यांना ऐकू जावं म्हणून. "लोकांना लाज वाटायला हवी!"

त्यावर मागून कुणीतरी घसा खाकरला. बारीक अंगाचा, इस्त्रीचा सदरा घातलेला एक म्हातारा पुढे आला. टोपी हातात धरून.

"ती पिवळसर," तो म्हणाला, "ती माझी असावी. आणि ही पण. तिसरी दिसत नाही."

सगळे त्याच्याकडे वळले. लुडविना त्याच्यावर तुटूनच पडणार होती. कालपासून ती मनात याच माणसाशी भांडत होती.

"माझं नाव फिर्मिन," म्हातारा सांगू लागला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. घरात आता कुणी नाही, सोबत होईल म्हटलं. त्यांनी दिल्या, काही विचारलं नाही." त्यानं खिशातून घडीपत्रक काढलं, चुरगळलेलं, कोपरे झिजलेलं. "यात लिहिलंय, कुठेही आनंदात राहते. बाल्कनीत नाही राहिल्या. खालच्या लोकांनी तक्रार केली. इथे फोन केला तर म्हणाले, परत घेत नाही. मग वाटलं, रानात... रानात निदान मोकळ्या राहतील. रोज दाणे घालायला जायचो. परवा गेलो तर..."

लुडविनाच्या तोंडाशी आलेलं सगळं परत आत गेलं, आणि आत जाऊन दुप्पट होऊन कालेवार्टकडे वळलं. पण आता तिचा आवाज चढला नाही.

"लाज कुणाला वाटली पाहिजे म्हणालात?" तिनं विचारलं.

कालेवार्ट पत्रकाकडे बघत राहिला. मग तो वर गेला. जिना चढताना त्याच्या पायातून ती निसटलेली कोंबडी उडाली, तर त्याला कठडा धरावा लागला.

मार्लीसनं बाराही अर्ज शेवटपर्यंत भरले आणि प्रत्येकावर शिक्का मारला. कोंबड्या अग्निशामक दलाच्या मागच्या आवारात ठेवायच्या असं ठरलं, कारण भटक्या जनावराची सोय नगरपालिकेनंच करावी असा नियम निघाला. फिर्मिन रोज सकाळी तिथे दाणे घालायला जाऊ लागला. आठवडाभरात आणखी सतरा कोंबड्या लोकांनी आपणहून त्याच खिडकीवर आणून दिल्या.

*

जुलैच्या सभेत ठराव एकमतानं मंजूर झाला: यापुढे वर्ग केल्याशिवाय कोंबडी नाही. ठराव मांडला कालेवार्टनंच, आणि भाषणात म्हणाला, ही कल्पना आपल्याला बऱ्याच दिवसांपासून सुचत होती. वर्ग कोण घेणार, तर प्रांताच्या शहरातली एक प्रमाणपत्रधारक शिक्षिका, हानेलोरे नावाची. लुडविनाला एक छापील पत्र आलं, 'आपल्या स्वयंसेवी योगदानाबद्दल आभार'. त्यात तिच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

"जिंकलीस ना पण," ओडील म्हणाला.

"मी?" लुडविना म्हणाली. "कोंबड्या जिंकल्या. मला हाकललं."

"त्यात काय वाईट?"

"सगळं वाईट! मला राग आलाय आणि तो मी सोडणार नाही."

सप्टेंबरात एका शुक्रवारी हानेलोरे स्वतः तिच्या दारात आली. तिशीची, चिखलाचे बूट घातलेली मुलगी. बूट पाहून लुडविनानं दार जरा जास्त उघडलं.

"माझ्या वर्गात सगळे तुमचंच नाव घेतात," हानेलोरे म्हणाली. "म्हातारी कोंबडी कशी हाताळायची ते मला पुस्तकातून माहीत आहे. मी स्वतः कधी केलेलं नाही. आणि ते मी लोकांना केल्यासारखं सांगणार नाही. तुम्ही उद्या येऊन सांगाल?"

"त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही. जोवर माफी मागत नाहीत तोवर."

"मागतील असं वाटतं?"

"नाही."

हानेलोरेनं थोडा विचार केला. "मग वर्गच इथे आणला तर? ठरावात खोलीचं काही लिहिलेलं नाही. मी वाचून आलेय."

दुसऱ्या दिवशी सोळा माणसं लुडविनाच्या परसात आली. फिर्मिनही होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. लुडविनानं काहीच वगळलं नाही. कोल्हा सांगितला, खुराड्यात लपून रक्त पिणाऱ्या तांबड्या किडी दाखवल्या, आणि चौथ्या वर्षाचं ठरवून मगच कोंबडी न्या, हेही तसंच सांगितलं. सेव्हरीननं या वेळी वहीत लिहून घेतलं. दोन तासांनी सगळे गेले. माफीचं पत्र मात्र त्या वर्षी आलं नाही, आणि त्यानंतरही आलं नाही.

जाताना कुणीतरी मागचं फाटक उघडं टाकून गेलं. चार कोंबड्या ओडीलच्या कोबीच्या वाफ्यात शिरल्या, आणि ते फाटक कुणी उघडं टाकलं यावरून दोघं अंधार पडेपर्यंत भांडत राहिले.